तातेयामाचा नरकपट

मी एक जुना चित्रांचा पट आहे, मित्रांनो. चार भावांतला एकटा उरलेला. आम्हा चौघांना शेजारी शेजारी टांगलं की जपानमधला अख्खा तातेयामा पर्वत उभा राहायचा. तिघांवर शिखरं, सूर्य नि बुद्ध होते. माझ्या वाट्याला आला नरक: सुयांचा डोंगर, आगीचे लोळ, लाल भुतं आणि बायका मेल्यावर ज्यात पडतात म्हणत ते रक्ताचं तळं.

तो पर्वत चढला की नरक टळतो म्हणत, पण बायकांना चढायची बंदी होती. म्हणून वाटाड्या गेन्नोजो दर हिवाळ्यात आम्हाला पाठीवर बांधून गावोगाव न्यायचा, काठीने एकेक चित्र दाखवत कथा सांगायचा. बाया हमसून रडायच्या आणि केसांची बट कापून द्यायच्या. "दादा, मी नाही तर माझे केस तरी वर पोचवा." तो केस शिखरावर पुरायचा आणि त्या बाईचं नाव आमच्या पाठींवर लिहायचा.

मग नवं सरकार आलं. हुकूम निघाला की देव वेगळे करा, बुद्ध वेगळा करा. वेगळं करायचं राहिलं बाजूला, लोकांनी बुद्धाच्या वस्तूंवर कुऱ्हाडीच काढल्या. एका सकाळी दहा-बारा जण गेन्नोजोच्या घराचं दार फोडून आत घुसले. पुढे होता लाकूडतोड्या तोराकिची. गेन्नोजो आडवा आला, तर त्यांनी दांडक्याने त्याचा हात मोडला आणि पडल्यावरही तुडवत राहिले. अंगणात माझे तिन्ही भाऊ जळाले. मी जन्मभर अंगावर आग वागवली होती, पण खरी आग मला तेव्हा कळली.

मलाही आगीत भिरकावलं, तशी गेन्नोजोची बायको शिगे किंचाळली, "जाळ मेल्या, जाळ! तुझ्या आईलाही जाळ!"

"आई मरून सात वर्षं झाली माझी. तोंड सांभाळ, म्हातारे!"

"त्या पटाच्या पाठीवर तिचं नाव आहे रे! केस देताना माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली होती ती."

मी उपडा पडलो होतो, कडा पेटल्या होत्या. तोराकिचीला चार अक्षरं वाचता येत होती. 'मात्सुनो, तोराकिचीची आई.' त्याने नुसत्या हातांनी मला ओढून काढलं आणि छातीशी दाबून विझवलं. मागून कुणीतरी हसला, "काय रे, घाबरलास?" तोराकिचीने वळून त्याचे दोन दात पाडले.

गेन्नोजोला पुन्हा हातात काठी धरवली नाही. तोराकिची मरेपर्यंत दर हिवाळ्यात यायचा, भाजून आखडलेल्या बोटांनी ते नाव चाचपायचा आणि निघून जायचा.

मित्रांनो, एवढंच मागतो. काही जाळायला उचललंत, तर आधी ते एकदा उलटून पाहा. माझ्या भावांच्या पाठींवरही नावं होती.