मायाच्या वांग्याचं बी

मी एक जुना, काळा, पन्नास खळग्यांचा रोपांचा ट्रे आहे. एका रोपवाटिकेत चार हंगाम राबलो. कोपरा तडकला तसा तिथल्या लोकांनी मला फेकलं. कामठीच्या यमुताईंनी उचलून घरी आणलं.

मित्रांनो, माझ्यात कितीतरी मिरच्या, टमाटे वाढले; पण या वर्षीसारखा घोर मला कधी लागला नव्हता. यमुताईंची धाकटी बहीण माया उन्हाळ्यात वारली. तिच्या घरच्या वांग्याचं बी एका पुडीत उरलं होतं. सप्टेंबरात यमुताईंनी ते सगळंच्या सगळं माझ्यात पेरलं. आठव्या दिवशी अडतीस कोंब वर आले.

तेवढ्यात यमुताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. त्या नागपूरला लेकीकडे गेल्या आणि मी सून रितिकाच्या हाती आलो. ती बिचारी सकाळ-संध्याकाळ मायेनं पाणी घाली. माझा चिखल झाला. कोवळी खोडं मातीलगत सडली.

तिनं घाबरून फोन लावला. “आई, रोपं काहून कोलमडून राहिले?”

“पाणी थांबव वं! मातीले बोट लावून पाह्य, सुकली असन तरच दे.”

सतरा वाचली. रितिका मात्र धास्तावली. रोपं लवकर धट्टीकट्टी व्हावीत म्हणून महिनाभरानं तिनं मला सावलीतून उचलून थेट गच्चीवर ठेवलं. ऑक्टोबरचं ऊन! दुपारपर्यंत पानं पांढरी पडली. मी तापत होतो, मुळं भाजत होती, आणि मला हाक मारता येत नव्हती.

त्याच संध्याकाळी यमुताई काळा चष्मा लावून परतल्या. माझ्यावरून बोटं फिरवत त्यांनी जिवंत रोपं मोजली. पाच. रितिका रडू लागली.

“मायाची आठवण मी मारली, आई.”

यमुताईंनी मेलेली रोपं उपटून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “मीच तुले शिकवलं नाही. त्याईले ऊन थोडंथोडं दाखवा लागते. उद्या सकाळी एकच घंटा ठेवू.”

दुसऱ्या दिवशी एक तास, मग दोन. दहा दिवसांनी, ऊन उतरल्यावर, रितिकानं खालून अंगठ्यानं दाबून एकेक रोप मुळांच्या मातीसकट काढलं आणि अंगणातल्या वाफ्यात लावलं. एक सुकलं. चार उभी आहेत. फूल अजून एकाही रोपाला नाही.

मित्रांनो, कोवळ्या रोपावर माया करा, पण आधी त्याला काय हवं ते विचारून घ्या. रोप बोलत नाही. जाणत्या माणसाला विचारा. मी रिकामा पडून त्या चौघांकडे बघतो आहे. पुडीत आता एकही बी नाही.