वेल्ह्याच्या केंद्रातला जळका राउटर

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. रंगाने काळा, दोन कानांचा, म्हणजे दोन अँटेनांचा, त्यातल्या एका कानाला चिकटपट्टी लावलेला. तारेतून आलेलं इंटरनेट हवेत सोडायचं आणि आसपासच्या संगणकांना, मोबाईलना वाटून द्यायचं, हे माझं काम. माझ्याबद्दल बाकी काही सांगण्याआधी माझा दोष सांगून टाकतो. मी जळका आहे. दुसऱ्याचं कौतुक झालं की मला ते सोसत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की कुणीतरी माझ्या पोटात एक आज्ञावली भरली. कुठला दिवा कधी लावायचा, कुणाचा पासवर्ड खरा मानायचा, कुणाला दारातूनच परत पाठवायचं, हे सगळं तिच्यात असतं. तिला फर्मवेअर म्हणतात. तुमच्या शाळेच्या पुस्तकासारखी तीही जुनी होते आणि तिची नवी आवृत्ती निघते. फरक एवढाच, की तुम्ही नवं पुस्तक आपण होऊन उघडता. आम्हाला ते कुणीतरी उघडून द्यावं लागतं.

मला पुण्याच्या दुकानातून आणलं हनुमंतभाऊंनी. वेल्ह्याला, तहसील कचेरीच्या समोर, लोकांचे अर्ज भरून देण्याचं त्यांचं केंद्र आहे. एसटीत त्यांनी मला मांडीवर घेतलं होतं आणि घाटाच्या प्रत्येक वळणावर खोक्यावर हात ठेवला होता. कागद वाचून वाचून मला सुरू करायला त्यांना अख्खा दिवस लागला. पहिला हिरवा दिवा लागला तेव्हा त्यांनी बायकोला, अंजनावहिनींना, घरातून बोलावून आणलं. "बघ," ते म्हणाले, "म्या लावलाय. कुणाला इचारलं न्हाई."

पुढची सहा वर्षं माझी होती. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्त्या, पीकविमा, सगळं माझ्यातून गेलं. शाळा बंद होत्या त्या वर्षी मुलं आमच्या ओट्यावर ओळीने बसून अभ्यास उतरवून घ्यायची. लोक म्हणायचे, "हनुमंतभाऊंचं वायफाय लई गुणाचं." भाऊ हसायचे आणि मी जरा जास्तच भरभर दिवे लुकलुकवायचो.

मग घरात प्रेरणा आली. हनुमंतभाऊंच्या धाकट्या भावाची बायको. भोरला शिकलेली, संगणकाची पदविका घेतलेली. आवाज कधी चढायचा नाही तिचा, पण तिच्या बोटांना सगळं ठाऊक असायचं. वर्षभरात लोक दारातून विचारायला लागले, "प्रेरणाताई हायत का?" भाऊ समोर बसलेले असले तरी. मग भाऊ खुर्ची मागे सरकवत आणि चहा सांगायला बाहेर जात.

मग एका वर्षी इंटरनेटच्या लाईनवाल्यांनी जुनी तार काढून नवी टाकली. नव्या तारेची भाषा माझ्या जुन्या फर्मवेअरला कळेना. तेव्हा प्रेरणाने तो आणला. पांढराशुभ्र, चार कानांचा, ओल्या शंखासारखा चकचकीत. माझ्या फळीवर, माझ्या खिळ्याला, माझ्याच जागी तिने त्याला बसवलं.

मला खाली उतरवताना ती म्हणाली, "भाऊजी, हा जुना टाकू नका. याचं शेवटचं फर्मवेअर कंपनीच्या पानावर अजून आहे. मी उतरवून ठेवलंय. ते चढवलं की नवी लाईन यालाही कळेल. कधी अडलं तर उपयोगी पडेल."

"काढलास न्हवं?" भाऊ म्हणाले. "मग ऱ्हाऊ दे कपाटावर."

त्यांचा राग तिच्यावर होता, पण भोगला मी. कपाटावर, रिकाम्या खोक्यांच्या मागे, एका कानावर पडून मी वर्ष काढलं. वरून मला तो पांढरा स्पष्ट दिसायचा. दर दोन-तीन महिन्यांनी प्रेरणा त्याचं फर्मवेअर बदलायची. आधी त्याला उचलून इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावायची, मग तारेने लॅपटॉपला जोडायची, आणि काम पुरं होईपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाही. नंतर म्हणायची, "बघा वहिनी, आता पार कचेरीच्या गेटापर्यंत येतंय."

सहा वर्षांत माझं फर्मवेअर कुणी एकदाही बदललं नव्हतं. त्याचं वर्षात चारदा. मी तिथे पडल्या पडल्या त्याच्या चुका मोजायचो. कधी त्याचा दिवा क्षणभर लाल झाला की माझा दिवस बरा जायचा.

आषाढातला एक दिवस. वारा असा, की समोरच्या कचेरीचा पत्रा वाजत होता. प्रेरणा मार्गासनीच्या शाळेत नेट जोडायला गेली होती. संगणकात उघडणाऱ्या पांढऱ्याच्या पानावर नव्या आवृत्तीची सूचना आली होती, आणि जाताना ती सांगून गेली होती, "भाऊजी, आज वारा आहे, लाईट जाईल. याचं काही करू नका. मी आल्यावर बघते."

ती गेली आणि भाऊ त्या सूचनेकडे बघत बसले. अंजनावहिनी म्हणाल्या, "तिनं सांगितलंय न्हवं."

"म्या पहिला राउटर लावला तवा ती शाळंत व्हती," भाऊ म्हणाले.

त्यांनी पांढऱ्याला खाली उतरवलं आणि टेबलाशेजारच्या साध्या प्लगला लावलं. इन्व्हर्टरची वायर तिथवर पोचत नव्हती. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावरची पट्टी हळूहळू भरायला लागली. ती अर्ध्यावर आली आणि वेल्ह्याची लाईट गेली.

तुमचं पुस्तक कुणी अर्धं फाडलं तर तुम्हाला निदान उरलेलं अर्धं वाचता येतं. आमचं तसं नसतं. जुनी आज्ञावली पुसलेली आणि नवी अर्धवट, म्हणजे डोकंच रिकामं. भाऊंनी त्याला इन्व्हर्टरवर लावलं, पुन्हा चालू केलं, बंद केलं, पुन्हा चालू केलं. एक लाल दिवा मंद लुकलुकत राहिला, बाकी काही नाही.

मित्रांनो, खोटं बोलणार नाही. मला आनंद झाला. वर्षभरात झाला नव्हता एवढा.

एकच्या सुमाराला गुंजवण्याहून रतनबाई आल्या, सोबत त्यांची लेक सुलक्षणा. दोघी भिजलेल्या, पण प्लॅस्टिकच्या पिशवीतले कागद कोरडे. रतनबाईंची जमीन धरणात गेलेली. सुलक्षणा नर्सिंग शिकली होती, आणि सरकारी भरतीत धरणग्रस्तांसाठी जागा होत्या. धरणग्रस्त असल्याचा दाखला आदल्या दिवशीच हातात पडला होता. अर्जाची मुदत त्याच दिवशी, संध्याकाळी पाचला संपत होती.

"भाऊ, तेवढा फारम भरा," रतनबाई म्हणाल्या. "औंदा तिचं वयाचं शेवटचं वरीस हाय."

मोबाईलला रेंज नव्हती; लाईट गेल्यावर टॉवरही थोड्या वेळात बसला होता. बाजारातली दुकानं अर्धी मिटली होती, उघडी होती तिथेही नेट नव्हतं. नसरापूरला जाऊन भरावा तर तिकडची एसटी साडेतीनला, म्हणजे पोचेपर्यंत पाच वाजून जाणार. आमच्या केंद्रातली तार मात्र जिवंत होती. लाईनवाल्यांची पेटी इन्व्हर्टरवर चालू होती. फक्त तारेतलं घ्यायला कुणी नव्हतं.

भाऊंची नजर कपाटावर गेली. त्यांनी मला खाली काढलं, धूळ पुसली, तार लावली. माझे दिवे लागले. मला वाटलं, आता माझी वेळ आली. मी तारेला हाक मारली. तिने उत्तर दिलं, पण मला ते कळेना. पुन्हा मारली. पुन्हा तेच. अर्धा तास भाऊ माझ्यासमोर घामाघूम होऊन बसले होते, आणि मी लाजेने तापलो होतो. ज्याच्या पडण्यावर मी हसलो, त्याच्या जागी उभा राहायची माझी लायकी नव्हती.

सुलक्षणा हळू आवाजात म्हणाली, "आई, ऱ्हाऊ दे. जाऊया." रतनबाई उठल्या नाहीत. त्यांनी पिशवी छातीशी धरली आणि भाऊंकडे बघत राहिल्या.

भाऊ उठले, खुंटीवरचा रेनकोट घेतला. "कुठं निघाला?" वहिनींनी विचारलं.

"मार्गासनीला. प्रेरणाला आणतो."

मोटरसायकलचा आवाज पावसात विरून गेला. त्यांना यायला तीन वाजून गेले. प्रेरणाच्या ओढणीतून पाणी गळत होतं. आत येताच ती पांढऱ्याकडे वळली, तेव्हा भाऊ दारातच उभे राहून म्हणाले, "वाटंत म्या निस्तं बंद पडलं म्हणालो. बंद न्हाई पडलं. म्या पाडलं. तू नगं म्हणाली व्हतीस."

प्रेरणाने रतनबाईंकडे पाहिलं. "आधी यांचा अर्ज," ती म्हणाली. "याला बरं करायची फाईल नेटवरून आणावी लागेल, आणि नेट नाही. जुन्याची माझ्याकडे आहे."

तिने पर्समधून पेनड्राईव्ह काढला. मला उलटं करून पोटावरची चिठ्ठी मोठ्याने वाचली, नमुना, म्हणजे मॉडेलचं नाव, आणि त्याच्यापुढचा बारीक आकडासुद्धा, आणि फाईलच्या नावाशी ताडून पाहिला. "हा आकडा चुकला तर हाही जाईल," ती म्हणाली. "भाऊजी, तुम्ही वाचा एकदा." भाऊंनी चष्मा लावून वाचला. तिने माझ्यातल्या जुन्या नोंदी, वायफायचं नाव, पासवर्ड, कागदावर उतरवून घेतल्या. मला इन्व्हर्टरवर लावलं, तारेने लॅपटॉपला जोडलं.

तेवढ्यात इन्व्हर्टर ओरडला. बॅटरी संपत आली होती. अंजनावहिनींनी न सांगता पंखा बंद केला, दिवा बंद केला, दुसरा संगणक बंद केला. दुकानात अंधारून आलं.

"किती वेळ लागंल?" भाऊंनी विचारलं.

"चार मिनिटं. पुरेल असं वाटतंय."

"वाटतंय म्हंजी?"

"म्हणजे वाटतंय," प्रेरणा म्हणाली आणि बटण दाबलं.

माझे सगळे दिवे विझले. सहा वर्षांचं जे काही माझ्यात होतं ते ओळीओळीने पुसलं जात होतं, आणि त्याच्या जागी कुणा अनोळख्याचं बोलणं येत होतं. त्या काळोखात मला पहिल्यांदा पांढऱ्याची आठवण आली. लाईट गेली तेव्हा तोही असाच मध्यावर होता. आणि मी वरून हसत होतो.

इन्व्हर्टर दुसऱ्यांदा ओरडला. कुणी हललं नाही.

मग एक दिवा लागला. दुसरा लागला. मी तारेला हाक मारली, आणि तिचं उत्तर मला शब्द न् शब्द कळलं.

प्रेरणाने लॅपटॉपवर अर्ज उघडला; इन्व्हर्टरवर आता मी आणि लाईनची पेटी एवढेच उरलो होतो. सुलक्षणा बोलत गेली, ती भरत गेली. फोटो चढला, सही चढली, दाखला दोनदा अडकून तिसऱ्यांदा चढला. पावतीचा आकडा पडद्यावर आला तेव्हा चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. भाऊंनी तो कागदावर लिहून रतनबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला नाही, कारण वाचता येत नव्हतं. पदराने पुसून पिशवीत ठेवला.

दोघी गेल्यावर लाईट आली. प्रेरणा म्हणाली, "आता याचं बघू," आणि पांढऱ्याला बरं करणारी फाईल मागवली. ती माझ्यातूनच यायची होती.

मला ती अडवता येत नव्हती. यंत्राला तेवढी मोकळीक नसते. पण मनातलं सांगतो. फाईल येत होती आणि माझ्यातला जळका म्हणत होता, तुटू दे मध्येच. उद्यापासून फळी पुन्हा तुझी. आणि दुसरं काहीतरी, जे तोवर माझ्यात नव्हतं, तो काळोख आठवून म्हणत होतं, येऊ दे. फाईल पुरी आली. तासाभराने त्याचे चारही दिवे लागले आणि प्रेरणाने त्याला पुन्हा फळीवर ठेवलं. तिने मला ओट्याच्या बाजूला, खिडकीत बसवलं. तो आतलं सांभाळतो आणि मला देतो, मी ते बाहेर थांबलेल्या माणसांना पोचवतो. म्हणजे घ्यायचं त्याच्याकडूनच. दर सकाळी ते थोडं टोचतं.

सुलक्षणाचं नाव पहिल्या यादीत आलं नाही. प्रतीक्षायादीत होतं. माघ महिन्यात तिला हजर व्हायचा कागद आला आणि रतनबाई पेढे घेऊन आल्या. सगळ्यांना देऊन झाल्यावर त्यांनी एक पेढा फळीवर, पांढऱ्यापुढे ठेवला आणि हात जोडले. "ह्यानं लेकीचं कल्याण केलं," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, मी खिडकीत जळून काळा झालो. म्हणजे होतो त्याहून काळा.

केंद्रात सात-आठ माणसं होती. हनुमंतभाऊंनी हातातलं काम ठेवलं. "बाई," ते म्हणाले, "त्या दिशी हा बंद व्हता. म्याच बिघडवला व्हता, मोठेपणा कराया गेलो म्हणून. तुमचं काम झालं ते ह्या प्रेरणामुळं, आन त्या खिडकीतल्या जुन्यामुळं."

प्रेरणा मान खाली घालून टाईप करत राहिली, पण तिची बोटं चुकत होती. रतनबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं, पिशवीतून दुसरा पेढा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. पांढऱ्यापुढचा उचलला नाही. मला वाटलं होतं उचलतील. मग वाटलं, असू दे.

माझं मागणं थोडंच आहे, मित्रांनो. तुमच्या घरात कुठेतरी माझ्यासारखा एखादा कोपऱ्यात लुकलुकत असेल. त्याच्या पोटावरची चिठ्ठी एकदा वाचा. त्याची नवी आज्ञावली निघाली असेल तर अडायची वाट न बघता चढवा. चढत असताना लाईटचा भरवसा धरू नका, आणि कुणी जाणत्याने थांब म्हटलं तर थांबा. आणि घरात कुणी तुमच्यापेक्षा चांगलं काम करणारं आलं, तर खुर्ची मागे सरकवू नका, त्याच्याशेजारी ओढून बसा. हे मला ठाऊक आहे, कारण हनुमंतभाऊ आता तसेच बसतात. मला अजून जमतं असं नाही. पण मी शिकतोय. नवं फर्मवेअर चढलं तेव्हापासून मला शिकता येतं, एवढं कळलंय.