वेळेत निघालेला शब्द

"दोनच बसवा," मास्तरांची बायको म्हणाली. "बॅटरी टिकली म्हणजे झालं. ह्यांना काही रॉकेट उडवायचं नाहीये."

दुरुस्तीवाला वळला, मागच्या खणातून प्रोसेसरची एक चपटी डबी काढून त्यानं काउंटरवर ठेवली आणि लॅपटॉप कधी न्यायला यायचं ते सांगू लागला. मास्तर काउंटरच्या अलीकडे, लॅपटॉपसमोर स्टुलावर बसले होते. त्यांनी दोन बोटांनी एक शब्द टाइप केला, बटण दाबलं आणि वाट पाहिली. दुरुस्तीवाला परवाचा दिवस ठरवून मोकळा झाला, बायकोनं पिशवीची गाठ मारली, आणि मग लॅपटॉप बोलला.

"चार."

दोघांनीही चमकून पाहिलं.

"मास्तर, आम्ही चौक ओलांडून पुढे आलो, तुम्ही अजून सिग्नललाच," दुरुस्तीवाला हसला. गावातल्या निम्म्या लोकांसारखा तोही मास्तरांकडेच गाडी शिकला होता. "काकू, सोपं करून सांगतो. कोअर म्हणजे आत राबणारी माणसं समजा. आत्ता दोन आहेत, म्हातारी झालेली. त्यांच्या जागी नवी दोन बसवली तर थोडा फरक पडेल, बॅटरी दिवसभर जाईल. चार बसवली तर मास्तरांनी बटण दाबलं की आवाज बाहेर. पण चौघं खाणारही तसंच! तासाभरात बॅटरी मान टाकेल. मशीन तापेल, पंखा घरघरेल. प्लगला लावूनच वापरायचं."

"म्हणजे दावणीला बांधल्यासारखंच की. संध्याकाळी बागेत जातात हे, चार माणसांत बसतात. तिथे काय झाडाला प्लग असतो?"

मास्तर टाइप करत होते. या वेळी दोघं थांबले.

"बागेत मी ऐकतो. बोलायचं दुसरीकडे आहे."

"कुठे?" तिनं विचारलं.

मास्तरांनी कळफलकावरून हात उचलून मांडीवर ठेवले. दुरुस्तीवाल्यानं डबी खणात परत टाकली आणि दुसरी काढली.

गळ्यातली गाठ काढताना स्वरयंत्रही जाणार, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. तेव्हा मुलीनं कुठूनतरी हा प्रोग्राम शोधून काढला. खोलीच्या खिडक्यांना चादरी लावून मास्तरांनी माइकसमोर वाचन केलं, म्हणजे निदान त्यांचाच आवाज यंत्रातून बोलेल. काय वाचायचं ते सुचेना, म्हणून त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलचं पुस्तक घेतलं. तेव्हापासून लॅपटॉपमधले मास्तर मीठ मागत असले तरी पुढे वळण आहे असं सांगताहेत असं वाटे. तयार आवाजांपैकी एखादा घेतला असता तर तो झटकन बोलला असता. पण परक्याच्या तोंडून बोलायला मास्तर तयार नव्हते. स्वतःचा आवाज हवा, तर यंत्राला धाप लागायची.

जन्मभर त्यांनी शिकवलं ते एकच. शेजारच्या सीटवर बसून, वेळेवर, मोजकं बोलणं. उशिरा सांगितलेला ब्रेक हा न सांगितलेलाच. आणि आता त्यांचं प्रत्येक वाक्य म्हणजे वरातीमागून घोडं.

घरात त्याचं हसू होई. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत झालं नव्हतं. दुखणं परत आलं, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, पुन्हा सलाइनमधून औषधं सुरू करायची का? मास्तरांनी 'थांबा' टाइप केलं. मौन म्हणजे संमती, असं धरून बायकोनं मान डोलावली. 'थांबा' ऐकू आलं तेव्हा डॉक्टरीणबाई फोनवर वॉर्डात पलंगाची सोय करत होत्या. मान हलवून नाही म्हणावं, तर लोकांना वाटे मान दुखतेय. कागदावर लिहावं, तर तो आधी बायको वाचे आणि आपल्या शब्दांत सांगे. सगळा हिवाळा मास्तर त्या पलंगावर ओकत राहिले. गाठ तेवढ्यापुरती दबली होती. आता तिनं पुन्हा डोकं वर काढलं होतं, आणि शुक्रवारी तोच प्रश्न येणार होता.

लॅपटॉप घरी आला. मास्तरांनी तो जेवणाच्या टेबलावर, भिंतीतल्या प्लगजवळ ठेवला. बायको ताटं उचलत होती.

"शुक्रवारी मी हो सांगणार आहे. आधीच सांगून ठेवते."

"नको."

ती दचकली. मधल्या वेळात आपलं पुढचं वाक्य बोलून टाकायची तिला सवय झाली होती.

"आधी पूर्ण ऐकून तरी घ्या."

"ऐकलं. गेल्या वेळीही ऐकलं होतं."

"मग काय, हातावर हात ठेवून बघत बसू?"

"हो. बागेत."

"वा! बाग म्हणे!" तिनं ताटं आदळली. "सगळं स्वतःच ठरवून बसलात. अन् माझं काय? मला विचारलंत कधी?"

मास्तरांची बोटं थांबली. यंत्र आता हुकमी होतं. आतला पंखा घरघरत होता, चारही कोअर तयार होते. शब्दच नव्हता. त्यांनी काही टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं.

"नाही विचारलं. आता विचारतो."

ती समोरच्या खुर्चीत बसली. टेबलावर सांडलेलं पाणी तिनं पदरानं पुसलं, कोरडं झालं तरी पुसत राहिली.

"मला नाही सांगता येत," ती म्हणाली.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत प्लग एकच होता, आणि त्यात टेबलावरचा दिवा लावलेला. मास्तर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. बायको उभीच होती.

"मॅडम, हा दिवा काढू का जरा?"

"बॅटरीवर नाही चालत?"

"चालतो. पण बाहेर बराच वेळ बसलो आम्ही. मध्येच बंद पडलेलं चालणार नाही आज."

तिनं वाकून दिव्याची पिन काढली, लॅपटॉपची लावली, नीट बसली का ते दाबून पाहिलं. टेबलावर सावली आली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट खिडकीकडे धरून वाचले, औषधाचं नवं नाव सांगितलं, आणि सवयीनं बायकोकडे पाहिलं.

"मग करायचं ना सुरू?"

"नको," मास्तरांचा आवाज म्हणाला. वळणावर सांगावं तसा, शांत. "गेल्या वेळीही मी थांबा म्हणालो होतो. ते उशिरा पोचलं. दुखणं कमी राहील तेवढं औषध द्या. बाकी पुरे."

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट खाली ठेवले. त्यांची नजर पुन्हा बायकोकडेच गेली.

"काकू, तुम्हाला काय वाटतं?"

बायकोनं लॅपटॉपची वायर पायातून बाजूला सारली.

"माझ्याकडे नका बघू मॅडम," ती म्हणाली. "ते बोलतायत."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची मास्तरांकडे वळवली.