देव मध्यस्थ

महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली, सगळा मराठी मुलूख एक झाला. पण पिंपळगाव राजातल्या दोन बाया काही एक होईनात. गावात ख्रिस्ती घरं मोजून चार. त्यातल्या दोन घरांचं बोलणं बंद, म्हणजे अर्धी मंडळी मुकीच झाली म्हणा ना! बुधवारच्या प्रार्थनासभेत मात्र दोघींना असा कंठ फुटायचा की विचारू नका. बोलायचं देवाशी, ऐकवायचं शेजारणीला. प्रार्थनेत मध्येच कोणी तोंड घालत नाही, ही त्यातली मोठी सोय.

गीताबाई डोळे मिटून सुरू करायची, "हे दयाळू बापा, तुले समदं ठाऊक हाय. माह्या बाजेवरच्या कुरडया कोणाच्या बकरीनं खाल्ल्या, तेही ठाऊक हाय. तरी सांगून ठेवतो. काळी बकरी, डावं शिंग मोडकं."

की लगेच शेजारची गोजरबाई, "हे प्रभू, चार कुरडयांसाठी मुक्या जनावराच्या मांग मुसळ घेऊन धावणाऱ्या बाईले क्षमा कर. तिचं वय पाह्य, अन् तिचं धावणं पाह्य."

तीन महिने हेच. पाळक माणिकराव खामगावहून सायकल हाणत यायचे आणि बिचारे कुरडयांवर आमेन म्हणून परत जायचे. त्या बुधवारी मात्र ते चिडलेच.

"बायांनो, देवाले काय बातम्या पाह्यजेत का तुमच्या? त्याले तुमच्याआधी ठाऊक राह्यते. प्रार्थनेत आपलं मन उघडं करा लागते. काय पाह्यजे ते खरं खरं मांगा, नाहीतर चूप बसा!"

गोजरबाईनं डोळे मिटले. "प्रभू, उद्या मी पोराकडं अकोल्याले चालली. कायमची. तिथं ओळखीचं कोणी नाही. तू सोबत राह्य."

गीताबाई चमकून तिच्याकडं बघायलाच लागली. आता गीताबाईची पाळी. सांडग्यांचं नवीन प्रकरण ती सकाळपासून घोकत होती. तोंड उघडलं, पण सांडगे काही बाहेर येईनात. मेलं, खरं मागायचं म्हटलं तर मागायचं काय? बकरी मरू दे? छे! कुरडया परत? चुलीत जावोत त्या कुरडया! हवं ते एवढंसंच होतं, पण चारचौघांत बोलायची लाज वाटत होती.

"देवा," ती कशीबशी म्हणाली, "हिले नको जाऊ देऊ. मले करमत नाही हिच्याबिगर."

माणिकराव आमेन म्हणणार, तोच गोजरबाईनं खाडकन डोळे उघडले आणि देवाला बाजूला सारून सरळ गीताबाईवरच ओरडली, "आता सांगून राह्यली का वं बये? सामान बांधून झालं माह्यं!"

"मंग तू काऊन नाही बोलली तीन महिने?"

"तुह्या मुसळाचं भेव वाटे मले!"

गीताबाई भोकाड पसरून रडायलाच लागली. गोजरबाईनं आपल्या पदरानं तिचं नाक पुसलं, चांगलं रगडून.

"चूप वं," ती म्हणाली. "पोराले सांगतो, आठ दिवसांनी न्याले ये म्हणून. तीन महिन्यांचं बोलणं राह्यलं हाय आपलं."