नगराध्यक्ष आणि दोन बादल्या

माशाच्या वतीने कुणाला वचन देऊ नये. जन्मभर सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवूनही हे मी विसरलो आणि नातीला म्हणून बसलो, "नाइरे, तू ऑर्लँडोला जायच्या आधी हे दोघं तुला नाच दाखवतील."

दोघं म्हणजे आमच्या बैठकीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतले बुटक्या जातीचे एंजेल मासे. मोठ्या माणसाच्या अंगठ्याएवढे, अंग गडद निळं, तोंड हळद लावल्यासारखं पिवळं. जोडी जमली की संध्याकाळी, उजेड मावळताना, ते खडकातून बाहेर येतात आणि एकमेकांभोवती फिरत पाण्यात वर चढतात. तो नाच नाइरेला बघायचा होता. तिची आई, म्हणजे माझी मुलगी इवेलिस, ऑर्लँडोत नोकरीला लागली होती आणि सहा जानेवारीचा तीन राजांचा सण झाला की नाइरेही तिकडे जाणार होती. तिकडच्या घरात टाकी ठेवायला जागा नव्हती.

पण जोडी जमेल तर ना! जुन्या माशाचं नाव नाइरेने नगराध्यक्ष ठेवलं होतं. तो दिवसभर एकेका कपारीत डोकावून पाहणी करायचा आणि काम काही करायचा नाही, म्हणून. नव्या मासोळीला मी आधी भोकंभोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात घालून टाकीतच टांगली होती. एकमेकांना बघू दे, ओळख होऊ दे. मग सोडली, तर नगराध्यक्षाने पहिल्याच फेरीत तिची शेपटी फाडली. पुन्हा डब्यात घातली, शेपटी भरू दिली, पुन्हा सोडली. पुन्हा तेच, पुन्हा डबा.

"आजोबा, हा असा का वागतो?" नाइरेने विचारलं.

"सगळे खडक त्याला स्वतःचे वाटतात. खडकांवरचं शेवाळ हेच त्याचं जेवण. शेतात दुसऱ्याची गाय शिरली तर शेतकरी काय करेल?"

"पण ती तर त्याची बायको होणार आहे."

"हे त्याला कुठे माहीत? आणि गंमत ऐक. हे मासे लहानपणी सगळे माद्याच असतात. जो मोठा होऊन दादागिरी करायला लागतो, तो नर होतो."

"म्हणजे नगराध्यक्ष आधी बाई होता?"

स्वयंपाकघरातून माझी मोठी बहीण एनेइदा ओरडली, "बाई होता तेव्हा घर नीट ठेवत असेल! आता बघा, काचेला सगळं हिरवं!"

एनेइदाला गावातली सगळी मुलं तीती, म्हणजे आत्या, म्हणतात. नवरा गेल्यापासून ती माझ्याकडे राहते आणि टाकी तिच्या डोळ्यांत खुपते. त्यात वर्षाचा शेवटचा दिवस आला, की तिच्या अंगात येतं. नवं वर्ष घाणेरड्या घरात पाऊल टाकत नाही, हे आमच्या काबो रोहो गावात सगळेच मानतात. घर घासूनपुसून काढायचं आणि बाराच्या ठोक्याला बादलीभर पाणी दारातून रस्त्याकडे फेकायचं. जुन्या वर्षाची पीडा त्या पाण्याबरोबर जाते. एनेइदाचं फक्त एक वेगळं आहे. तिचा नवरा स्पेनचा होता आणि तिकडे बारा वाजतात तेव्हा आमच्याकडे संध्याकाळचे सात. ती सातलाच, तिकडच्या रिवाजाप्रमाणे बारा ठोक्यांची बारा द्राक्षं खाते, पाणी फेकते आणि आठला झोपते. "देव काय फक्त इथलंच घड्याळ बघतो?" असं वर विचारते.

मी त्याच दिवशी शेवटचा उपाय करायचं ठरवलं, इथेच माझं चुकलं. उपाय साधा होता. नगराध्यक्षाला थोडा वेळ बाहेर काढायचं, खडक उलटसुलट मांडायचे आणि मग दोघांना एकदमच सोडायचं. आपलं जुनं घर त्याला ओळखूच आलं नाही, तर तो कशावरून भांडेल?

दुपार कलल्यावर आम्ही कामाला लागलो. नाइरेने जाळीने नगराध्यक्षाला धरलं, त्याच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत सोडलं, वर ओलं फडकं टाकलं आणि बादली व्हरांड्यात सावलीला ठेवली. मी खडक हलवले. तळची वाळू उसळून पाणी दुधासारखं गढूळ झालं. म्हटलं, गाळ बसला की सोडू.

तेवढ्यात वीज गेली.

टाकीचा पंप थांबला. विजेच्या शेगडीवरचा तुरीच्या दाण्यांचा भात अर्धा शिजून थांबला. गल्लीभर एकच सुस्कारा ऐकू आला. वीज गेली की आम्ही आता रागावतही नाही, नुसता असा श्वास सोडतो. पण पंप थांबलेल्या गढूळ टाकीत मासोळीला हवा कमी पडते. सेलवर चालणारा माझा छोटा पंप काढला, तर सेल गंजलेले.

"गामालिएलकडे असतील," म्हणून मी निघालो. "तीती, व्हरांड्यातल्या बादलीला हात लावू नकोस. त्यात मासा आहे."

"मला काय करायचाय तुझा मासा!" ती आतूनच म्हणाली.

शेजारी गामालिएलकडे जनरेटर धडधडत होता. गाणी, माणसं, केळीच्या पानात उकडलेले पास्तेलेस, सगळं जोरात. तो मला सोडेना. "गुरुजी, एक घोट तरी घ्या! मासे काय पळून जातात?" सेल सापडेपर्यंत बाहेर काळोख झाला होता, सात वाजले होते.

मी आमच्या फाटकातून आत शिरलो आणि दारातून आवाज आला, "जा रे जुन्या वर्षा, तोंड काळं कर!"

पाण्याचा लोट थेट माझ्या छातीवर आला. आधी मला हसूच आलं. मग ओठावरून जीभ फिरली.

खारट.

एनेइदाने आपली बादली सकाळपासून भरून व्हरांड्यातच ठेवली होती. दोन्ही बादल्या मुळात भिंतीच्या रंगाच्या, पांढऱ्या, एकसारख्या. अंधारात फडकं बाजूला सरकलं असेल नाहीतर तिने पुसायचं फडकं समजून उचललं असेल.

"कुणी पाय हलवू नका!" मी ओरडलो. "नगराध्यक्ष खाली पडलाय!"

"कोण?" एनेइदा दारात रिकामी बादली धरून उभी होती. तिच्या गालात अजून द्राक्ष होतं.

नाइरे टॉर्च घेऊन धावत आली. पायऱ्या, गाडीचं चाक, कुंड्या, सगळीकडे ओलं सिमेंट चमकत होतं आणि ते सगळंच माशासारखं दिसत होतं.

"आजोबा, ऐकू आलं तर सापडेल. तो उड्या मारत असेल ना?"

पण जनरेटरच्या धडधडीत ऐकू काय येणार? मी कुंपणाशी जाऊन सगळा घसा लावला, "गामालिएल! मशीन बंद कर! मासा पडलाय!"

"काय पडलंय?"

"मासा!"

जनरेटर थांबला. गाणं शब्दाच्या मध्येच तुटलं. कुंपणापलीकडे पाहुण्यांची रांग हातात पेले घेऊन गप्प उभी राहिली. त्या शांततेत गाडीच्या मागच्या चाकापाशी बारीकसं ऐकू आलं. टप. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप.

नाइरेने दोन्ही हात ओले करून त्याला उचललं आणि आत पळाली. पलीकडून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. गामालिएल म्हणाला, "गुरुजी, या वर्षी पीडा फार लहान निघाली हो!" मला हसू आलं नाही.

टाकीपाशी नाइरे म्हणाली, "कुठे सोडू? तो एका अंगावर कलंडतोय." खरंच, एका बाजूचे खवले खरचटले होते. त्याला मोकळा सोडला असता तर कपारीत अडकून मेला असता. मी डब्यातल्या मासोळीला टाकीत मोकळं केलं आणि नगराध्यक्षाला डब्यात ठेवलं. सेल घालून पंप लावला. बुडबुडे सुरू झाले, तेव्हा एनेइदा मागे येऊन उभी राहिली होती.

"जिवंत आहे?" तिने विचारलं.

"सध्या आहे."

"मग माझी पीडा गेली नाही म्हणायची," ती म्हणाली आणि दुसरी बादली घेऊन पुन्हा दारात गेली. पाणी फेकल्याचा आवाज आला. माझ्या बहिणीला शिकवणं मला कधी जमलं नाही.

नगराध्यक्ष जगला. पण डब्यातून बाहेर बघताना त्याचा चेहरा निवडणुकीत पडलेल्या माणसासारखा दिसायचा. बाहेर मासोळी त्याच्या सगळ्या खडकांवर शेवाळ खात हिंडत होती. नाइरे रोज शाळेच्या प्रयोगवहीत नोंद करायची असल्यासारखं बघायची आणि मला सांगायची, "आज त्याने खाल्लं. आज ती डब्याजवळ आली. आज ती डब्याजवळच झोपली." सणाच्या आदल्या रात्री भेटी घेऊन येणाऱ्या राजांच्या उंटांसाठी तिने खोक्यात गवत ठेवलं, तेव्हा समुद्रावरून आणलेला शेवाळ धरलेला एक गोटाही त्यात ठेवला. उंट नको म्हणाले तर नगराध्यक्षाला, असं म्हणाली.

सणाच्या सकाळी आम्ही त्याला सोडलं. तो खडकांपाशी गेला, एकही कपार ओळखेना. मासोळी अंगावर आली, तर त्याने मान झुकवून बाजू दिली. फाडाफाडी नाही. दुपारपर्यंत दोघं एकाच गोट्यावर खात होते.

"आज नाचतील," नाइरे म्हणाली. विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं होतं.

दुपारीच वीज पुन्हा गेली होती. या वेळी मला बरंच वाटलं. टाकीचा दिवा विझलेला, पंखे बंद, दारातून येणारा उजेड हळूहळू मावळतोय, अगदी समुद्रासारखा. आम्ही जमिनीवर बसलो. एनेइदाही खुर्ची ओढून बसली.

नगराध्यक्ष बाहेर आला. पंख ताठ करून तो मासोळीभोवती फिरला. ती थोडी वर उठली. तो तिच्या पोटाखाली आला. दोघं वीतभर चढले. नाइरेने माझं मनगट घट्ट धरलं. आणखी थोडे चढले—

"आली! आली!" गल्लीत एकच आरडाओरडा झाला. टाकीवरचा दिवा भक्कन पेटला. त्याचं बटण बंद करायचं मीच विसरलो होतो. दोन निळ्या रेघा खडकात घुसल्या.

मी धडपडत उठून दिवा मालवला. आम्ही बाहेरच्या दिव्यांच्या उजेडात खूप वेळ बसलो. ते आले नाहीत.

"तुम्ही वचन दिलं होतं," नाइरे म्हणाली. रडली नाही. मला ते जास्त लागलं.

"अर्धा नाच बघितलास ना, बाळा?"

"अर्धा म्हणजे बघितला नाही."

तिने उठून माझ्या मेजावरून कागद, चिकटपट्टी आणि जाड पेन घेतलं आणि मागच्या अंगणात गेली. मी तिला थांबवलं नाही.

सकाळी तिला विमानतळावर सोडून आम्ही परतलो. एनेइदा फरशी पुसायला निघाली आणि लगेच कंबरेवर हात ठेवून माझ्यासमोर आली.

"घरातल्या सगळ्या बादल्यांवर कागद चिकटवलाय त्या पोरीने. माझ्या पुसायच्या बादलीवरसुद्धा! आता मी पाणी कशात घेऊ?"

"काय लिहिलंय?"

"तुला माहीत आहे काय लिहिलंय."

"तरी वाच."

तिने बादली उचलून दाराच्या उजेडात धरली आणि चष्मा नसल्यामुळे एकेक शब्द जोडत वाचलं, "यात मासा आहे. तीती, आधी हात घालून बघ."

एनेइदाने कोरड्या बादलीत हात घातला, तळापर्यंत.