यंत्रावरची खोळ

आत्याबाईंच्या घरात उघडं असं काही नव्हतं. मिक्सरला खोळ, शिलाई मशीनला खोळ, टीव्हीला झालरीची खोळ. गल्लीच्या टोकाला वीज केंद्राची दोन धुराडी राख ओकत, आणि आत्याबाई दिवसातून तीनदा फडकं घेऊन त्या राखेशी भांडत. "धुराडं त्यांचं, घर माझं. बघू कोण आधी दमतं," असं म्हणायच्या. तीस वर्षांत दमल्या नव्हत्या. निदान कुणाला कळू दिलं नव्हतं.

म्हणूनच हवा मोजायचं यंत्र बसवायला सरकारी माणसं गल्लीत आली, तेव्हा त्यांनी आत्याबाईंचीच गच्ची मागितली. "इतकी स्वच्छ जागा दुसरी नाही," असं मोजणीवाला म्हणाला आणि बाई आठ दिवस गल्लीतून अशा चालल्या, की सगळ्यांना वीज त्यांच्याच घरून जाते असं वाटावं.

यंत्र म्हणजे कमरेएवढी पत्र्याची पेटी. आत पांढरा कागद. घूंऽ करत ती हवा ओढे. मंगळवारी आणि शुक्रवारी दहाच्या ठोक्याला मोजणीवाला येऊन कागद बदले. पहिल्या आठवड्यातले दोन्ही कागद निघाले ते जळक्या तव्यासारखे. तो ते पाकिटात घालून गेला, पण आत्याबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या गच्चीवरचा कागद, आणि असा काळा? त्याच दुपारी जुन्या चादरीचं दुहेरी कापड बेतून त्यांनी यंत्राला खोळ शिवली. एक नाही, दोन. पाहुणा यायच्या आधी टीव्हीची खोळ काढावी, तशी मंगळवारी-शुक्रवारी साडेनऊला ती निघे आणि बादलीत बुडे. मोजणीवाला गेला, की दुसरी धुतलेली चढे. कागद पांढरेशुभ्र निघू लागले.

"आत्याबाई, तुमची गच्ची म्हणजे थंड हवेचं ठिकाण झालं की!" मोजणीवाला म्हणाला.

"हवेचं कौतुक सांगू नकोस. हात आहेत हे," बाई म्हणाल्या. त्याला वाटलं, गंमत करताहेत.

मुलगा दूरगावी नोकरीला. घरात बाई, सून आणि अकरा वर्षांची नात. सून औषधांच्या दुकानात बसे. गल्लीत दम्याचा पंप किती घरांत जातो हे तिला पाठ होतं. तो कुठे लपवला जातो हेही. कुणाचा चहाच्या डब्यामागे, कुणाचा उशीच्या अभ्र्यात. मुलीसाठी हवा असला तर बापसुद्धा दुकानात कुजबुजून मागे. दम्याची म्हणून नाव झालं, की तिला मागणी कोण घालणार? आणि सुनेच्या स्वतःच्या घरचा पंप शिलाई मशीनच्या खोळीखाली होता. "पोरीचा सर्दीचा कोठा आहे," आत्याबाई सांगत, "बाकी ठणठणीत!"

यंत्र बसून नऊ महिने झाले. वीज केंद्राचा हवेत धूर सोडायचा परवाना संपत आला होता आणि नवा मिळायचा होता तो तिसऱ्या धुराड्यासकट. सुनेनं चार माणसं गोळा करून त्याविरुद्ध दावा लावला. वकीलबाईंनी सांगितलं, आजारी माणसांची प्रतिज्ञापत्रं आणा. सून बावीस घरं फिरली. बावीस घरांतून एकच उत्तर आलं, "आमच्याकडे कुणी आजारी नाही हो." तेविसावं घर तिचं स्वतःचं.

"पोरीचं नाव कागदावर आलं तर याद राख," आत्याबाईंनी बजावलं. "तुझं कोर्ट तिला सासर शोधून देणार आहे का?"

"आधी तिला श्वास तर मिळू दे, आई."

मंगळवारी सुनावणी झाली. सून आली ती चपला न काढताच पायरीवर बसली.

"हरलो समजा. केंद्राच्या वकिलानं आपल्याच गच्चीवरचे आकडे वाचून दाखवले. म्हणाला, 'दावा लावणाऱ्या बाईंच्या डोक्यावरची हवा इतकी शुद्ध, की माझंच बिऱ्हाड तिथे हलवावं म्हणतो.' सगळे हसले, आई." तिनं कागद उलगडला. "एकच कळत नाही. पहिल्या आठवड्यात आकडा दोनशे ऐंशी, आणि पुढे नऊ महिने चाळीस, पंचेचाळीस. असं काय बदललं हो मध्येच?"

आत्याबाई खोळ पिळत होत्या. पिळता पिळता हात थांबला. बादलीत पाणी नव्हतंच, शाई होती.

"मला काय विचारतेस? मी चार बुकं शिकलेली," असं म्हणून त्यांनी पाणी मोरीत ओतलं आणि मोरी दोनदा घासली.

बुधवारी दुपारी शिवणक्लासवाली येऊन बसली. तिच्या कानी पडलं, की चार गल्ल्यांत पोचलंच. ती कुणाच्या तरी सुनेची कहाणी रंगवून सांगत होती, तोच नात शाळेतून जिना चढून आली आणि थेट शिलाई मशीनपाशी गेली. तिनं आजीकडे पाहिलं. आजीनं डोळ्यांनीच खुणावलं, थांब.

पोर थांबली. दोन्ही हात खोळीवर ठेवून हसऱ्या तोंडानं उभी राहिली.

"काय ग, बोलत का नाहीस? मांजरानं जीभ नेली का?" पाहुणी म्हणाली आणि पुन्हा कहाणीला लागली. सुनेनं भांडी आपटली, सासूनं दार लावलं, नणंद रुसली. मध्येच आत्याबाईंची नजर वळली. नातीचं हसू होतं तसंच होतं. ओठ मात्र जांभळे पडले होते आणि गळ्याखालची खळी आत ओढली जात होती. हात खोळीवर होता. खोळ उचललेली नव्हती, कारण आजी अजून 'हो' म्हणाली नव्हती.

आत्याबाईंनी ती खोळ ओढून फेकली. पंप तोंडाला लावला, एकदा, दोनदा. पाहुणी तोंड उघडं टाकून बघत राहिली. कितीतरी वेळानं पोरीला शब्द फुटला.

"आजी, मी खोकले नाही हं. एकदासुद्धा नाही."

शुक्रवारी सकाळी यंत्रावरची खोळ निघाली, पण बादलीत गेली नाही. आत्याबाईंनी ती तशीच घडी करून वर्तमानपत्रात गुंडाळली. जन्मात पहिल्यांदा मळका कपडा घेऊन त्या घराबाहेर पडल्या.

"सूनबाई, तुझ्या वकिलीणबाईला सांग. मला बोलायचंय."

पुढच्या सुनावणीला कोर्टात शपथ घेऊन त्यांनी सगळं सांगितलं. केंद्राचा वकील ताडकन उठला. "म्हणजे सरकारी यंत्रात ढवळाढवळ केलीत?"

"केली. नऊ महिने केली."

"हा गुन्हा आहे, ठाऊक आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"आता कळलं. द्या शिक्षा. मी नऊ महिने झाकलं साहेब, माझी चूक. पण ते तीस वर्षं राख उडवताहेत, त्यांचंही लिहून घ्या. आणि माझ्या नातीला दमा आहे. तेही लिहा, मोठ्या अक्षरात." एवढं बोलून त्यांनी घडी उलगडली. "तीन दिवसांची आहे ही. फक्त तीन."

चकचकीत टेबलावर राख भुरभुरली, कागदांवर पसरली. वकिलानं घाईनं रुमाल काढला.

"पुसू नका," आत्याबाई म्हणाल्या. "राहू द्या. मी आयुष्यभर पुसत आले."

गच्चीवरचे आकडे बाद झाले. नव्यानं मोजणी होईपर्यंत परवाना थांबला आहे. तिसऱ्या धुराड्याचा निकाल अजून लागायचा आहे. नातीचा श्वास लागतो तसाच लागतो. पंप मात्र आता मशीनवर उघडा असतो.

परवा शिवणक्लासवाली पुन्हा आली. मशीनकडे बघून तिनं भुवया चढवल्या. "अगंबाई, हे असं चारचौघांत?"

"पंप आहे. माझ्या नातीचा," आत्याबाई म्हणाल्या. चहाचा कप तिच्यापुढे सरकवत त्यांनी तिच्या डोळ्यांत बघून विचारलं, "तुमचा कुठे ठेवलाय?"