मला ठेवलेले नाव

मित्रांनो, मी एक म्हातारी टिटवी आहे. डोळ्यांपुढची लाल कातडी आता फिकी पडली आहे आणि पंख मोडल्याचे सोंगही पूर्वीसारखे वठत नाही. एके काळी मात्र मी लंगडत लंगडत भल्या भल्या कुत्र्यांना अंड्यांपासून दूर अख्खा माळ फिरवून आणीत असे.

‘टिटवी’ हे नाव मी घेतलेले नाही, तुम्ही ठेवलेले आहे. मी ‘टिट्-टिटीव, टिट्-टिटीव’ असे ओरडते, त्यावरून तुम्ही ते उचललेत. पण बाई गं, तू म्हणतेस तरी काय, हे कुणी विचारले नाही. आमच्या बोलीत त्याचा अर्थ आहे, ‘पिल्लांनो, जमिनीला चिकटा, हलू नका!’ मग वरून घार जाते, तिला खाली नुसते खडे दिसतात आणि पिल्ले वाचतात.

त्या वर्षी मी नव्या रस्त्याच्या खडीत चार अंडी घातली. अक्कल गहाण ठेवली होती का, असे तुम्ही म्हणाल. मित्रांनो, तिथे आधी माळ होता आणि माझ्या आईचे घरटेही तिथेच होते. रस्ता आमच्या मागून आला.

तिथे रोलरवाल्याची बायको खडी पसरायला होती. तिच्या तोंडाला विसावा नसे. “मागे गाडी येतेय!” “घमेलं सांभाळा!” दिवसभर ती दुसऱ्यांना जपत असे, म्हणून मुकादमाने तिचेच नाव टिटवी ठेवले. ती रागावली नाही. माझी अंडी दिसताच तिने भोवती मोठे दगड मांडले आणि काठीला लाल चिंधी बांधून रोवली.

“टिटवी निघाली समुद्र आटवायला!” मुकादम म्हणाला. “अंड्यांसाठी रस्ता अडवू का मी?”

“पिल्लं बाहेर पडेपर्यंत तेवढा तुकडा सोडा हो,” ती म्हणाली. “बाकीचा आधी उरकू की.”

पुढचे काम पडलेलेच होते, म्हणून तो कबूल झाला. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याजवळ बसे आणि माझी हुबेहूब नक्कल करी. बायका हसून टाळ्या वाजवत. मी दचकून उडत असे आणि कोण आले, कुठे आहे, म्हणून ओरडत असे. तिला वाटे, मी ओ देते आहे. खरे सांगू? तिचा मला लळा लागला होता.

अंडी फुटली. अंग वाळताच पिल्ले काडीसारख्या पायांवर पळू लागली. तिघे गुणी होते. चौथा हट्टी, कुणाचे म्हणून ऐकत नसे.

“झाली ना बाळंतपणं?” मुकादम रोलरवाल्याकडे वळला. “फिरव आता.”

रोलरवाल्याने बायकोकडे पाहिले. “अगं, तू त्यांना हाकल. मी दमानं आणतो.”

मी रोलरपुढे जाऊन पडले, पंख फरफटवला. पण लोखंडाला लंगड्या पाखराची हाव नसते. मग मी कडेच्या गवतात धावले आणि हळूच साद घातली, ‘या.’ पिल्ले वळली. तिघेही माझ्याकडे निघाले. थोडेच अंतर उरले होते.

तेवढ्यात पलीकडून रोलरवाल्याच्या बायकोला पिल्ले रस्त्यातच दिसली आणि तिचा धीर सुटला. तोंडाशी हात धरून ती जिवाच्या आकांताने ओरडली, “टिट्-टिटीव! टिट्-टिटीव! ने गं त्यांना!”

आवाज अगदी माझा होता. तिघेही खडीत आडवे झाले.

वरून रोलरवाल्याला नुसती खडी दिसली. “थांबा! अहो, थांबा!” ती हात हलवत होती. इंजिनाच्या धडधडाटात त्याला वाटले, ती ‘या’ म्हणते आहे. तो आला.

माझी पिल्ले शेवटपर्यंत हलली नाहीत. मीच तसे शिकवले होते.

मुकादमाने वाकून पाहिले. “टिटवीनंच टिटवीची पिल्लं लोळवली की!” तो हसला, दोघे-चौघे हसले आणि वर दोन घमेली खडी पडली.

“मला दिसलंच नाही गं,” रोलरवाला पुन्हा पुन्हा सांगत होता.

“पिल्लं चालली होती हो,” ती म्हणाली. “मी हाक मारली, म्हणून थांबली.”

त्यानंतर तिने कुणालाच सावध केले नाही. मुकादम येताजाता विचारी, “ए टिटवी, तोंडाला कुलूप लागलं का?”

हट्टी तेवढा पळून वाचला होता. पण न ऐकण्याची त्याची खोड गेली नाही. पुढे घार आली, मी ओरडले आणि तो पळतच राहिला. घारीला पळणारे लगेच दिसते.

मित्रांनो, मला दाणे नकोत, पाणी नको. माझ्यावर माया असेल, तर लांबून पाहा आणि गप्प राहा. पण तुम्हाला ते जमत नाही. त्याच रस्त्यावर तुमच्या गाड्या थांबतात. “बघ, टिटवी! कशी ओरडते ती? तू पण ओरड,” असे तुम्ही कौतुकाने म्हणता. तुमचे बाळ गोड आवाजात ओरडते आणि चाकाजवळच्या गवतात कुणाची तरी गुणी पिल्ले मुकाट आडवी होतात.